शुद्धतेचा निवाडा

कोकणातील ज्या घरांतून अजूनही मिठागरातले जाडे मीठ वापरले जाते, त्या घरांत मिठाची बरणी केवळ आषाढ-श्रावणातच नव्हे, तर पावसाचा मागमूस नसलेल्या दिवसांतही तळाशी ओल धरून बसते, आणि हा अनुभव इतका अंगवळणी पडलेला असतो की, पाझरणे हा मिठाचा स्वभावच, एवढे म्हणून आपण त्या प्रकरणाचा निकाल लावून टाकतो. वास्तविक या पाझरण्याचा सगळा दोष मिठाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. रसायनशास्त्र ज्याला सोडियम क्लोराईड म्हणते तो पदार्थ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर जाईपर्यंत खुशाल कोरडा राहतो; ऐन पावसाळ्यात कोकणची हवा ही मर्यादा ओलांडते आणि तेव्हा त्यालाही पाणी सुटते हे खरे, परंतु एरवी जी ओल दिसते ती त्याच्या सोबतीने आलेल्या मॅग्नेशियम क्लोराईडची करणी असते, कारण या दुसऱ्या क्षाराला हवेतले पाणी ओढून घेण्यास सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. बरणीवर मात्र नाव एकाचेच.

हा सोबती समुद्रातूनच बरोबर आलेला असतो. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने महासागरांतून जी शास्त्रीय सफर केली, तीत गोळा झालेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने मोठ्या चिकाटीने केले आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यावरून समुद्रातील एकंदर क्षारांपैकी शेकडा सुमारे ७८ भाग सोडियम क्लोराईडचे, ११ भाग मॅग्नेशियम क्लोराईडचे, आणि उरलेले मॅग्नेशियम सल्फेट, जिप्सम, पोटॅशियमचे क्षार इत्यादिकांचे, असा हिशोब निघतो. उरण-पेणकडच्या आगरांत भरतीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवतात, तेव्हा आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसते, पाणी मूळच्या सुमारे दशांशावर आले की मिठाचे खडे धरू लागतात, आणि मॅग्नेशियमचे क्षार अतिशय विद्राव्य असल्यामुळे मागे उरलेल्या कडवट पाण्यातच राहू पाहतात. मिठाचा स्फटिक वाढत असताना आपल्या रचनेत बसणारे कणच तेवढे आत घेतो आणि परक्यांना बहुतांशी बाहेर ठेवतो. परंतु ते कडवट पाणी खड्यांच्या फटींतून आणि पृष्ठभागावर चिकटून राहते व त्याच्याबरोबर मॅग्नेशियम आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचते. हेच खडे मिठाच्याच संपृक्त पाण्याने धुतले, तर ते पाणी मीठ आणखी विरघळवू शकत नाही, मॅग्नेशियमचा क्षार मात्र घेऊन जाते. पुढे शुद्धतेच्या ज्या मोठमोठ्या कथा सांगावयाच्या आहेत, त्यांतील निम्मी युक्ती या धुण्याआटवण्यात येऊन गेली आहे.

शुद्ध पदार्थ म्हणजे काय, या प्रश्नाला शाळेतील पाठ्यपुस्तक जे उत्तर देते ते चुकीचे नाही. ज्याचे संघटन आरपार एकच आणि ठरलेले असते, व ज्याचा नमुना कोठूनही घेतला तरी गुणधर्म तेच येतात, तो शुद्ध पदार्थ. तो एकतर सोने, पारा, गंधक यांसारखे मूलद्रव्य असेल, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या अणूंचा बनलेला असेल, नाहीतर पाणी, साखर, तुरटी यांसारखे संयुग असेल, म्हणजे त्यात भिन्न मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधाने जखडलेले असतील. आणि जेथे दोन वा अधिक पदार्थ वाटेल त्या प्रमाणात नुसते एकत्र नांदत असतील ते मिश्रण. या हिशोबाने बाजारात शुद्ध म्हणून नावाजलेले तूप, दूध आणि मध ही तिन्ही मिश्रणे ठरतात. उलट कारखान्यातून येणारी पांढरीशुभ्र साखर, जिच्यात शेकडा ९९ हून अधिक भाग सुक्रोज या एकाच संयुगाचे असतात, ती आपल्या फडताळातील शुद्धतेच्या पदवीला सर्वांत जवळची वस्तू होय. गुळात सुक्रोजच्या जोडीला ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार आणि पाणी असते, आणि गुळाला जी चव आहे ती बरीचशी या अशुद्धतेमुळेच आहे, हे मान्य करावयास कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाची हरकत नसावी.

परंतु पाठ्यपुस्तकातील ही व्याख्या पदार्थ शुद्ध असला म्हणजे कसा असतो एवढेच सांगते. तो शुद्ध आहे हे ओळखावे कसे, याविषयी ती मौन पाळते. नुसती एकरूपता पाहावी तर मिठाचे गाळलेले पाणी, काच, पितळ आणि आपल्या सभोवारची हवा ही सारी आरपार एकरूपच दिसतात, आणि तरीही ती मिश्रणे आहेत. अणुरेणू कोणी डोळ्यांनी मोजून घेतलेले नसतात. मग हाती उरतो तो एकच मार्ग: पदार्थ फोडून पाहावयाचा, म्हणजे तो आटवावा, वितळवावा, गोठवावा, त्याचे ऊर्ध्वपातन करावे, तो एका द्रवात विरघळवून दुसऱ्याने खाली पाडावा, आणि प्रत्येक वेळी जे दोन भाग हाती येतात त्यांची घनता, वितळण्याचा अंश, उकळण्याचा अंश हे सारे ताडून पाहावे, दोन भागांत फरक पडला तर मूळ वस्तू मिश्रण होती हे शाबीत झाले, आणि कोणत्याही उपायाने फरक पडेनासा झाला म्हणजे तिला शुद्ध म्हणावयाचे. न्यायालय आरोपीस सोडून देते तेव्हा त्याच्या निष्पापपणाचे प्रमाणपत्र त्याच्या हाती देत नाही. समोर आलेल्या पुराव्यावरून दोष शाबीत होत नाही, एवढाच निवाडा देते, आणि वरच्या न्यायालयात अपिलाची वाट मोकळी ठेवते. शुद्धतेचा निर्णय याच जातीचा आहे, असे माझे मत आहे, आणि रसायनशास्त्राच्या इतिहासात ही अपिले किती वेळा मंजूर झाली हे पाहिले की ते मत अतिशयोक्तीचे वाटू नये.

फ्रान्समधील लाव्हवाझ्ये याने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मूलद्रव्यांविषयी नेमकी हीच सावध भूमिका घेतली होती. ज्याचे आणखी पृथक्करण करणे आजवर कोणालाही साधलेले नाही ते मूलद्रव्य, असे ठरवून त्याने ३३ पदार्थांची यादी दिली. तीत चुना आणि मॅग्नेशिया यांनाही जागा दिली, आणि हे पदार्थ पुढे संयुगे ठरतील असा आपला संशयही नोंदवून ठेवला. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम बाहेर काढले आणि चुन्याचे नाव यादीतून कमी झाले.

आपल्याकडील रसशास्त्राची रीत याहून निराळी होती आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथाच्या परंपरेत पाऱ्याचे दोष नावानिशी मोजलेले आहेत, आणि त्यांत नाग व वंग, म्हणजे शिसे व कथील, हे दोन दोष बाहेरून मिसळल्यामुळे येणारे म्हणून वेगळे काढलेले आहेत. त्यांच्या निवारणार्थ सांगितलेल्या संस्कारांत पातन, म्हणजे पारा तापवून त्याची वाफ दुसऱ्या भांड्यात धरणे, हा एक संस्कार आहे. आणि पारा ३५७ अंश सेंटिग्रेडला उकळतो तर शिसे उकळावयास १७०० अंशांहून अधिक उष्णता लागते, हे आज आपणांस ठाऊक असल्यामुळे, शिसे आणि कथील तळाशी ठेवून पारा वर काढण्याचा तो उपाय किती चोख होता हे सहज उमगते. फरक एवढाच की तेथे शुद्धता म्हणजे यादीतील दोषांचा परिहार. यादीत नसलेल्या दोषाचे काय, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. आधुनिक रसायनाला मात्र ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही अशाही परक्याचा पत्ता लागावा लागतो, आणि त्यासाठी दोषांची यादी नव्हे, गुणधर्मांची स्थिरता ही कसोटी धरावी लागते.

ही कसोटी सेंद्रिय पदार्थांना पद्धतशीर लावण्याचे श्रेय शेव्ह्रल या फ्रेंच संशोधकाकडे जाते. साबण आणि चरबी यांच्या अभ्यासात त्याने आयुष्याची पहिली उमेदीची वर्षे घालवली, १८२३ मध्ये त्या अभ्यासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मग तो १८८९ पर्यंत, वयाच्या १०२ वर्षांपर्यंत जगला. चरबीपासून मिळणारी आम्ले तो पुनःपुन्हा स्फटिकरूपात आणी, प्रत्येक वेळी ती कोणत्या अंशाला वितळतात ते नोंदी, आणि तो अंश आणखी स्फटिकीकरण करूनही हलेनासा झाला म्हणजे तेथे थांबे. शुद्ध घन पदार्थ एका ठरलेल्या अंशावर झटकन वितळतो. डांबराच्या गोळ्यांतले नॅप्थॅलीन ८० अंशांना वितळते आणि पुरते वितळेपर्यंत तापमापीचा पारा तेथेच थांबतो. परक्या पदार्थाची थोडी भेसळ झाली की वितळणे आधी सुरू होते आणि बऱ्याच अंशांवर पसरते. घरच्या तुपाकडे पाहिले तर हे ध्यानात येते: ते एका विशिष्ट अंशाला वितळत नाही, हळूहळू मऊ होत जाते, आणि थंडीत रवाळ होते, कारण त्यातील अधिक अंशांना वितळणारे स्निग्ध घटक आधी गोठून त्यांचे कण बनतात आणि बाकीचे त्यांच्याभोवती पातळ राहतात. रवाळ तूप हे अस्सलपणाचे लक्षण म्हणून आपण वाखाणतो; रसायनशास्त्राला त्यात मिश्रणाची कबुली दिसते.

मात्र एकट्या साक्षीदारावर विसंबण्यात धोका आहे. शेकडा सुमारे ६२ भाग कथील व ३८ भाग शिसे घेऊन केलेला डाख १८३ अंशांना अगदी शुद्ध पदार्थाच्या थाटात एकदम वितळतो, वास्तविक कथील स्वतः २३२ अंशांना आणि शिसे ३२७ अंशांना वितळणारे. द्रवांच्या बाबतीत असाच चकवा एका आम्लाने पुष्कळ दिवस दिला. हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाण्यातील द्रावण उकळत ठेवले, तर ते सौम्य असो वा तीव्र, शेवटी त्यातील आम्लाचे प्रमाण शेकडा सुमारे २० वर येऊन ठेपते आणि मग त्याची वाफ व द्रव यांत काही भेद राहत नाही. कितीही वेळा ऊर्ध्वपातन करा, अंशही तोच आणि प्रमाणही तेच. शिवाय हे प्रमाण आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचे आठ रेणू या हिशोबाशी हुबेहूब जुळत असल्यामुळे, हे एक संयुगच आहे असे मानण्याचा मोह अनेकांना झाला. १८६० च्या सुमारास मँचेस्टर येथे हेन्री रॉस्को आणि त्याचा साहाय्यक डिटमार, म्हणजे ज्याने पुढे समुद्राचे पाणी तपासले तोच, यांनी या प्रकरणाची फेरतपासणी केली. त्यांनी एवढेच केले की उकळताना हवेचा दाब बदलला. आणि दाब कमी होताच त्या स्थिर द्रावणातील आम्लाचे प्रमाण वाढले, दाब वाढवताच ते घटले. अणूंचे परस्परांशी ठरलेले नाते दाबाप्रमाणे असे वरखाली होत नाही, तेव्हा संयुगाचा दावा बाद झाला. मद्यार्क आणि पाणी यांचीही हीच कथा असून, नुसत्या ऊर्ध्वपातनाने वजनी शेकडा सुमारे ९५.६ भागांपलीकडे मद्यार्क जात नाही. पुढची मजल चुन्याच्या कळीसारख्या पाणी शोषणाऱ्या पदार्थाच्या मदतीने मारावी लागते.

संयुगाचे प्रमाण ठरलेलेच असते, हे तरी निर्विवाद होते काय? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यावर प्रूस्त आणि बेर्तॉले या दोन फ्रेंच विद्वानांमध्ये सुमारे ७-८ वर्षे वाद चालला, आणि तो इतक्या सभ्यतेने चालला की आजच्या वादपटूंनी त्याचा कित्ता गिरवावा. प्रूस्त स्पेनमध्ये अध्यापन करीत होता. त्याने खाणीतले तांब्याचे कार्बोनेट आणि आपल्या प्रयोगशाळेत तयार केलेले कार्बोनेट यांचे पृथक्करण करून दोहोंतील घटकांचे प्रमाण एकच असल्याचे १७९९ मध्ये दाखवले, आणि निसर्गाने भूगर्भात बनवलेला पदार्थ व माणसाने काचपात्रात बनवलेला पदार्थ यांना एकाच तराजूने तोलले जाते, असा सिद्धान्त मांडला. बेर्तॉले नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेवर गेला होता. तेथील क्षारसरोवरांच्या काठी मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा बनताना त्याने पाहिला, म्हणजे प्रयोगशाळेत जी क्रिया एका दिशेने होते ती पदार्थांच्या विपुलतेमुळे उलट्या दिशेने जाऊ शकते हे त्याच्या ध्यानी आले. क्रियेची दिशा जर प्रमाणावर अवलंबून असते, तर तिच्यातून निघणाऱ्या संयुगाचे संघटनही का नसावे, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि दाखल्यादाखल तो मिश्रधातू, काच व धातूंची ऑक्साइडे पुढे करी.

प्रूस्तचे उत्तर असे की ही संयुगे नव्हेतच, ही मिश्रणे आहेत. येथे विचक्षण वाचकाच्या मनात शंका यावी: ज्याचे प्रमाण ठरलेले ते संयुग, आणि ज्याचे ठरलेले नाही ते मिश्रण, असे आधीच ठरवून टाकल्यावर संयुगाचे प्रमाण नेहमी ठरलेलेच सापडणार, त्यात सिद्ध काय झाले? शंका रास्त आहे, आणि माझ्या मते प्रूस्तचा विजय तर्काचा नव्हता, अनुभवाचा होता: एकाच धातूच्या दोन ऑक्साइडांची सरमिसळ म्हणून ज्यांच्याकडे तो बोट दाखवी ती बहुधा खरोखरच वेगवेगळी करता येत, आणि वेगळी केल्यावर प्रत्येकाचे प्रमाण स्थिर निघे. १८०८ मध्ये डाल्टनचा अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने आला, प्रमाण स्थिर का असते याचे कारण त्याने पुरवले आणि बेर्तॉलेची बाजू दप्तरदाखल झाली. गंमत अशी की शंभर वर्षांनी ती दप्तरातून पुन्हा बाहेर काढावी लागली. लोहाचे एक ऑक्साइड असे आहे की त्याच्या स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्याच राहतात, प्राणवायूच्या प्रत्येक शंभर अणूंमागे लोहाचे अणू शंभराहून थोडे कमीच भरतात, आणि ही तूट तापमानाप्रमाणे बदलते. कुर्नाकोव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने अशा पदार्थांना बेर्तॉलेचेच नाव देऊन त्याला उशिरा का होईना न्याय दिला.

परंतु शुद्धतेच्या निवाड्याविरुद्धचे सर्वांत गाजलेले अपील नत्रवायूचे होय. लॉर्ड रॅली हा इंग्लंडमधील सरदार घराण्यातील भौतिकीविद, एसेक्स परगण्यातील टर्लिंग येथील आपल्या वाड्यातच त्याने प्रयोगशाळा थाटलेली होती. मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असावेत, या प्राउटने १८१५ मध्ये मांडलेल्या तर्काचा खरेखोटेपणा पाहावा, म्हणून त्याने वायूंची घनता अत्यंत काटेकोरपणे मोजण्याचे काम हाती घेतले होते. नत्रवायू मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे हवेतील पाणी आणि कर्बद्विप्राणिद काढून टाकून ती तापलेल्या तांब्यावरून न्यावी; प्राणवायू तांब्याला चिकटतो आणि नत्र उरतो. त्याने तसे केले, मोजमापे एकमेकांशी सुरेख जुळली, आणि सामान्य माणूस येथेच समाधानाने थांबला असता. रॅलीने तोच वायू दुसऱ्या मार्गाने, अमोनियापासून, मिळवून पाहिला, आणि तो किंचित हलका भरला. दोन्ही मार्गांनी केलेली मोजणी आपापल्या परीने स्थिर; फक्त एकमेकांशी जुळत नाहीत. हवेतल्या नत्रवायूचे वजन लिटरमागे १.२५७२ ग्रॅम, रासायनिक मार्गाने काढलेल्याचे १.२५०५ ग्रॅम: अंतर सुमारे दोनशेत एक भाग.

अशा वेळी आपल्याच हाताची चूक मानून प्रकरण मिटवणे फार सोपे असते. रॅलीने फरक लपवण्याऐवजी तो वाढवण्याचा प्रयत्न केला, आणि संशोधकाची खरी जात येथे दिसते. सप्टेंबर १८९२ मध्ये त्याने ‘नेचर’ या नियतकालिकाला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांकडे खुलासा मागितला. हलक्या नत्रवायूत थोडा हायड्रोजन शिल्लक राहत असेल, ही शंका घेऊन त्याने मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला, आणि शुद्धीकरणात तो पुरता निघून जातो याची खात्री करून घेतली. नत्राचे रेणू फुटत असतील, ही दुसरी शंका. त्यासाठी तो वायू आठ महिने साठवून पुन्हा तोलला, वजन हलले नाही. निरनिराळ्या संयुगांतून नत्र काढून पाहिला, सारे नमुने हलकेच निघाले. म्हणजे दोष हलक्या नत्रात नव्हता. ज्या हवेतल्या नत्राला सारे जग शुद्ध समजत होते, त्याच्याच पोटात कोणी जड पाहुणा दडलेला होता.

त्याचा सुगावा वास्तविक शंभर वर्षांपूर्वीच लागलेला होता. कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये हवेत प्राणवायू मिसळून तीत विजेच्या ठिणग्या पाडल्या, तयार झालेले पदार्थ अल्कलीत शोषून घेतले, आणि शेवटी एक बारीक बुडबुडा उरतो, तो मूळच्या नत्राच्या १२० व्या भागाहून अधिक नाही, अशी नोंद प्रामाणिकपणे करून ठेवली. ती नोंद त्यानंतर छापील पानांत निर्वेध झोपून राहिली. आता रॅलीने कॅव्हेंडिशचीच रीत मोठ्या प्रमाणावर चालवली, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विल्यम रॅम्झी याने हवेतला नत्र लालबुंद मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा फिरवला; मॅग्नेशियम नत्राला गिळत गेले आणि उरलेल्या वायूची घनता, हायड्रोजनच्या १४ पटींपासून चढत चढत, २० पटींच्या आसपास जाऊन थांबली. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात नव्या वायूची घोषणा झाली. आपण श्वासागणिक जी हवा घेतो तिच्यातील सुमारे शंभरावा भाग अरगॉनचा आहे आणि तो कोणाशीही संयोग पावत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात आलेला नव्हता. त्याच्यावर मूलद्रव्याची मोहोर उमटते न उमटते तोच, १८९८ मध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेचे व अरगॉनचे ऊर्ध्वपातन करून नेऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे आणखी तीन वायू वेगळे काढले. १९०४ मध्ये रॅलीला भौतिकीचे आणि रॅम्झीला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या फरकातून हे सारे निघाले तो लिटरमागे सात मिलिग्रॅमही नव्हता.

यानंतरचे प्रकरण मूलद्रव्याच्याच दारात जाऊन पोचले. एकाच मूलद्रव्याचे अणू भिन्न भारांचे असू शकतात, हे १९१३ मध्ये सॉडीने मांडले. युरेनियमच्या खनिजांतून मिळणाऱ्या शिशाचा अणुभार नेहमीच्या शिशाच्या २०७.२ ऐवजी २०६ च्या जवळपास येतो, हे पुढल्याच वर्षी रिचर्ड्‌सने दाखवले. आणि सगळ्या कसोट्यांना उतरलेल्या अरगॉनमध्येही तीन भारांचे अणू निघाले. १९३२ मध्ये यूरीने जड हायड्रोजनचा शोध जाहीर केल्यावर पाणीही या कचाट्यात सापडले: आपल्या पाण्यातील हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक अणू जड असतो, आणि तेवढेच अणू वेचून बनवलेले जड पाणी ३.८ अंशांना गोठते व १०१.४ अंशांना उकळते. रायगड जिल्ह्यात थळ येथे हे वेचण्याचे काम कारखान्याच्या प्रमाणावर चालते. मग साधे पाणी शुद्ध म्हणावे की नाही? रसायनशास्त्राने येथे व्यवहार पाहिला. अशा भिन्न भारांच्या अणूंचे, म्हणजे समस्थानिकांचे, रासायनिक वर्तन जवळजवळ एकच असल्यामुळे बहुतेक कामांसाठी त्यांचा भेद दखलपात्र नाही, असे ठरवून त्याने आपली हद्द आखून घेतली. अणुभट्टीवाल्याची हद्द निराळी, आणि तिच्यात साधे पाणी मिश्रणच आहे.

हद्द कोठवर ताणता येते हे अर्धसंवाहकांच्या धंद्याने दाखवले. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जर्मेनियमवर पहिला ट्रान्झिस्टर चालला, परंतु परक्या अणूंची अगदी नगण्य मात्राही त्याच्या विद्युत्‌वहनात ढवळाढवळ करी, आणि रासायनिक तराजूला तर ती दिसतही नसे. त्याच प्रयोगशाळेतील विल्यम फान याने १९५२ मध्ये जो उपाय प्रसिद्ध केला तो मिठागरात आपण पाहिलेला आहे: गोठणारा स्फटिक परक्यांना बाहेर ठेवतो. जर्मेनियमची लांब कांडी घ्यावयाची, तिच्या एका टोकाशी तापलेल्या कड्याने अरुंद पट्टा वितळवावयाचा, आणि कडे हळूहळू दुसऱ्या टोकाकडे न्यावयाचे. पट्ट्याच्या मागे धातू गोठत जातो, परके अणू पातळ पट्ट्यात राहून त्याच्याबरोबर पुढे ढकलले जातात, आणि असे अनेक फेरे झाल्यावर सारी घाण एका टोकाला जमते, ते कापून टाकावयाचे. अशा रीतीने घातक अशुद्धी दहा अब्ज अणूंत एक इथपर्यंत खाली आणता आली. आणि एवढा खटाटोप करून मिळवलेल्या त्या शुद्ध जर्मेनियममध्ये कारागीर लगेच आर्सेनिक वा गॅलियम यांची मोजून भेसळ करीत, कारण ट्रान्झिस्टर चालतो तो त्या भेसळीवर. शुद्धता हवी होती ती भेसळ आपल्या हुकमतीत राहावी यासाठी.

सोन्याच्या बाबतीत आपला समाज मुळातच चिकित्सक. बावनकशी म्हणून जे आपण म्हणतो ते कसोटीच्या दगडावरील रेघेवरून, आणि चांगला सराफ त्या रेघेवरून कस बऱ्यापैकी सांगतो. तथापि ९९५ कस आणि ९९९ कस यांतील भेद डोळ्यांना करता येत नाही. मुंबईच्या सरकारी टांकसाळीने भाभा अणुसंशोधन केंद्र, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि हैदराबाद येथील एक शासकीय पृथक्करण केंद्र यांच्या सहकार्याने सोन्याचे एक भारतीय निर्देशक द्रव्य तयार केले आहे, त्याचा कस ९९९९, म्हणजे दहा लाख भागांत परके भाग शंभरापर्यंत. इतक्या शुद्ध धातूत सोने किती हे सरळ मोजण्यात अर्थ नसतो, कारण मोजणीतली चूकच त्या अशुद्धीहून मोठी भरेल. तेव्हा चांदी, तांबे, लोह, शिसे अशा एकेका परक्या धातूचा अंश शोधून त्यांची बेरीज पूर्णातून वजा करतात, आणि नाग-वंगांची ती जुनी यादी येथे पुष्कळ लांबलेली दिसते. दाखल्यावर येतो तो पूर्णांक नसतो. सोन्याची पारख करणाऱ्या प्रयोगशाळा आपली यंत्रे त्या तुकड्याशी ताडून घेतात आणि मग गिऱ्हाइकाच्या बांगडीचा कस लिहून देतात.